नागपुरी उन्हात बिअर्डेड ड्रॅगनचा दिवा

बिअर्डेड ड्रॅगन या पाळीव सरड्याला कोणता दिवा लावावा आणि किती ऊब द्यावी, यावरचं जवळजवळ सगळं लेखन थंड देशांतून आलेलं आहे. बाहेर पाच अंश असताना पेटीत चाळीस अंश कसे आणायचे, ही तिथल्या पाळणाऱ्याची विवंचना. नागपूरच्या धंतोली भागातल्या वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मे महिन्यात ती नेमकी उलटी होते. स्लॅब तापलेला असतो, दिवा न लावताच खोली ३८ वर असते, आणि पुस्तक सांगतं की पेटीची गार बाजू २५ च्या आसपास हवी. नागपूरचा पारा मे २०१३ मध्ये ४७.९ अंशांवर गेला होता, आणि २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे तो ३.५ वर उतरला होता. एकाच घरात, एकाच प्राण्यासाठी, वर्षाच्या दोन टोकांना दोन वेगळी उत्तरं लागतात.

भारतात परदेशी प्राणी पाळण्याला कायद्याची चौकट गेल्या काही वर्षांत आली. जून २०२० मध्ये केंद्राची स्वेच्छेने माहिती देण्याची योजना, मग २०२२ ची वन्यजीव संरक्षण कायद्यातली दुरुस्ती आणि त्यापाठोपाठ २०२४ चे नोंदणीचे नियम. तो विषय स्वतंत्र आहे. इथे पाहायचं आहे ते एवढंच, की उजेड आणि उष्णतेबद्दल पाळणारे, पशुवैद्य आणि संशोधक यांच्यात कुठे एकमत झालं, कुठे नाही, आणि त्यातलं किती नागपूरला लागू पडतं.

प्राणी मूळचा कुठला

पोगोना व्हिटिसेप्स या शास्त्रीय नावातलं ‘व्हिटिसेप्स’ १९२६ मध्ये झालेल्या या प्राण्याच्या वर्णनातून आलं. त्याचं घर म्हणजे पूर्व ऑस्ट्रेलियाचा आतला, कोरडा, विरळ झाडांचा पट्टा. ऑस्ट्रेलिया आपले वन्य प्राणी व्यापारासाठी बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे आज जगभर विकले जाणारे बिअर्डी पिढ्यानपिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेले आहेत. त्यांच्या शरीराची घडी मात्र अजून त्याच प्रदेशाची आहे. सकाळी कुंपणाच्या खांबावर किंवा वाळक्या ओंडक्यावर चढायचं, अंगाचा रंग गडद करून ऊन शोषायचं, अंग तापलं की रंग फिका करायचा, आणि दुपारी सावलीत किंवा बिळात शिरायचं, असा त्यांचा दिवस.

हा दिनक्रम पाहायला ऑस्ट्रेलियाला जायला नको. धंतोलीतल्या जुन्या बंगल्यांच्या कंपाउंडवर दिसणारा आपला सरडा त्याच ॲगॅमिडी कुळातला. तो भिंतीवर कधी येतो, कोणत्या बाजूला तोंड करून बसतो आणि किती वाजता गायब होतो हे आठवडाभर पाहिलं, तर दिव्यांच्या वेळापत्रकाचा अर्धा अभ्यास होतो. (फक्त पाहायचं. घोरपडीसारखे कायद्याने संरक्षित देशी सरपटणारे प्राणी पकडून पाळणं हा गुन्हा आहे.)

निवड करायची मोकळीक मिळाली तर बिअर्डेड ड्रॅगन आपल्या शरीराचं तापमान ३५-३६ अंशांच्या आसपास राखतो, हे प्रयोगांतून दिसलेलं आहे. त्याहून वर गेलं की तो तोंड उघडून बसतो. नवशिक्याला तो राग वाटतो. प्रत्यक्षात तोंडाच्या ओल्या आतल्या बाजूतून पाण्याची वाफ होऊन डोकं गार राहतं. म्हणजे या प्राण्याला उष्णता हवी असते, पण तिच्यापासून दूर जाता आलं पाहिजे या अटीवर. मूळ प्रदेशातही उन्हाळा चाळिशी ओलांडतो आणि हिवाळ्यातल्या रात्री पाच अंशांखाली जातात. नागपूरचं हवामान त्याला तितकं परकं नाही. चार फुटांच्या पेटीत त्याला बीळ नसतं, झाड नसतं, ही खरी अडचण.

मुडदूस आणि दिवा

अतिनील दिव्याच्या वादाचं मूळ माणसाच्या वैद्यकात आहे. १९१९ मध्ये बर्लिनचे डॉक्टर कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांना पाऱ्याच्या दिव्याच्या अतिनील प्रकाशात बसवलं आणि त्यांची हाडं सुधारली. पुढे कारण उलगडलं. साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटरचा यूव्हीबी प्रकाश त्वचेतल्या एका कोलेस्टेरॉलसदृश द्रव्यावर पडला की त्याचं पूर्व-जीवनसत्त्व बनतं, आणि मग शरीराच्या उष्णतेने त्याचं डी३ होतं. डी३ शिवाय अन्नातलं कॅल्शियम शोषलं जात नाही. पेटीतल्या बिअर्डीचा जबडा रबरासारखा मऊ पडतो, पाय वाकतात, बोटं थरथरतात, तेव्हा त्याला झालेला असतो तो हाच जुना मुडदूस.

यातली दुसरी पायरी, म्हणजे उष्णतेची, फार जणांच्या लक्षात राहत नाही. १९९५ मध्ये मायकेल होलिक आणि सहकाऱ्यांनी इग्वानाच्या त्वचेवर काम केलं. २५ अंशांना नुसत्या द्रावणात पूर्व-जीवनसत्त्वाचं निम्मं रूपांतर व्हायला ७२ तास लागले, तर त्वचेत तेच आठ तासांत झालं. सरड्याची त्वचा ही प्रक्रिया वेगाने करायला घडलेली आहे, आणि तरीही गार त्वचेत ती रेंगाळते. म्हणून दिवा निवडताना उजेड आणि ऊब हे दोन वेगळे विभाग मानणं सोयीचं असलं तरी प्राण्याच्या अंगात ते एकाच जागी भेटतात. यूव्हीबी ट्यूब एका कोपऱ्यात आणि तापायची जागा दुसऱ्या कोपऱ्यात, ही मांडणी त्यामुळेच चुकते. यावर आता कुणाचं दुमत नाही.

पाळण्याच्या छंदाला हे सगळं समजायला वेळ लागला. सुरुवातीच्या काळात ‘फुल स्पेक्ट्रम’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी ट्यूबांमधून यूव्हीबी नावापुरताच निघायचा. मग त्या ट्यूबा सुधारल्या. २००७ च्या सुमारास उलटा गोंधळ झाला: काही नव्या लहान वळणदार दिव्यांतून फार आखूड तरंगलांबीचा प्रकाश बाहेर पडू लागला आणि प्राण्यांचे डोळे सुजले, मिटले. वेल्समधल्या पशुवैद्य फ्रान्सेस बेन्स यांनी अशा दिव्यांची मोजमापं केली, आणि ‘किती टक्के यूव्हीबी’ या खोक्यावरच्या आकड्यावर विसंबण्याचे दिवस तिथे संपले.

त्यानंतरचा टप्पा मोजण्याचा. २०१० मध्ये संशोधक गॅरी फर्ग्युसन आणि सहकाऱ्यांनी रानातले सरडे आणि साप प्रत्यक्षात किती अतिनील प्रकाश घेतात हे मोजून त्यांचे चार गट पाडले. हे मोजमाप यूव्ही इंडेक्समध्ये आहे, म्हणजे हवामान खातं माणसांसाठी वापरतं त्याच एककात. बेन्स आणि इतरांनी २०१६ मध्ये ही यादी शेकडो जातींपर्यंत वाढवली. बिअर्डेड ड्रॅगन तिसऱ्या गटात येतो: दिवसभराची सरासरी १ ते २.६, आणि तापायच्या जागी जास्तीत जास्त ३ ते ७. व्यवहारात बहुतेक जाणकार तापायच्या जागी ३ ते ५ धरतात.

पावडर, ट्यूब की गच्ची

डी३ प्राण्याच्या अंगात कसं पोहोचवायचं, यावर आजही तीन मतं ऐकू येतात.

पहिलं मत पावडरवाल्यांचं. किड्यांवर कॅल्शियम आणि डी३ ची पावडर भुरभुरली की झालं, महागडी ट्यूब कशाला? या मताला आधार अगदीच नाही असं नाही. काही निशाचर सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पिढ्या अशा वाढल्या आहेत. पण नेदरलँड्समध्ये ऊनिन्क्स आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये बिअर्डेड ड्रॅगनच्या पिल्लांवरच प्रयोग केला. यूव्हीबी मिळालेल्या पिल्लांच्या रक्तातलं डी३ चं साठवणीचं रूप फक्त तोंडावाटे डी३ मिळालेल्यांपेक्षा सुमारे १८ पट जास्त निघालं. पावडरमध्ये आणखी एक जोखीम असते. त्वचेत जास्तीचं पूर्व-जीवनसत्त्व प्रकाशातच मोडून निरुपद्रवी होतं. पोटात गेलेल्या डी३ ला अशी झडप नाही. पावडर हवी, पण ट्यूबेच्या जागी नको, असं आता बहुतेक पशुवैद्य सांगतात.

दुसरं मत ट्यूबवाल्यांचं, आणि आज तेच मुख्य प्रवाहात आहे. बारीक व्यासाची टी५ हाय-आउटपुट ट्यूब, मागे चकचकीत परावर्तक, लांबी पेटीच्या निम्म्याएवढी, आणि तापायच्या जागेच्या बाजूला लावलेली. राहिलेला निम्मा भाग सावलीचा. १२ टक्क्यांची टी५ आतून लावली तर प्राण्याच्या पाठीपासून साधारण ३० ते ४० सेंटिमीटर अंतर चालतं. मध्ये बारीक जाळी आली तर तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त प्रकाश अडतो आणि अंतर कमी करावं लागतं. लहान वळणदार दिवे आता पूर्वीसारखे घातक राहिलेले नाहीत, पण त्यांचा झोत एवढा आखूड असतो की प्राण्याच्या डोक्याला मिळतो तेव्हा शेपटीला मिळत नाही.

तिसरं मत आपल्याकडचं: गच्ची. एवढं फुकट ऊन असताना ट्यूब कशाला, हा प्रश्न लंडनमध्ये कुणी विचारणार नाही, पण नागपुरात तो रास्त आहे, आणि परदेशी पुस्तकं त्याला बगल देतात म्हणून तो चुकीचा ठरत नाही. नागपूर २१ अक्षांशावर आहे. मेच्या अखेरीस आणि जुलैच्या मध्यात सूर्य इथे अगदी डोक्यावर येतो. उन्हाळ्यातल्या दुपारी यूव्ही इंडेक्स ११ च्या वर जातो. बिअर्डीला हवे असलेले ३ ते ५ मे महिन्यात सकाळी आठ-साडेआठलाच मिळतात आणि तासाभरात ओलांडले जातात. डिसेंबरात सूर्य दुपारी सव्वाबाराला क्षितिजापासून जेमतेम ४५ अंश वर येतो, म्हणजे आपली सावली आपल्या उंचीएवढीच असते. तेव्हा हाच आकडा गाठायला सकाळचे दहा-सव्वादहा वाजतात. सगळ्या ऋतूंना चालेल असा ढोबळ अंदाज सावलीवरून करता येतो: निरभ्र आकाशात सावली उंचीच्या दीडपटीपासून बरोबरीपर्यंत असते तो काळ योग्य. कोवळ्या उन्हात जीवनसत्त्व मिळतं, ही घरोघरची समजूत इथे आडवी येते. सूर्योदयाच्या उन्हात ऊब असते, यूव्हीबी जवळपास नसतो.

गच्चीच्या बाजूने बोलणाऱ्यांना दोन गोष्टी मान्य कराव्या लागतात. खिडकीची काच यूव्हीबी जवळजवळ पूर्ण अडवते, तेव्हा आत ठेवलेल्या टँकवर पडणारं ऊन या कामाचं नाही. आणि काचेचा टँक उचलून उन्हात ठेवला तर काही मिनिटांत त्याची भट्टी होते. तारेच्या जाळीचा पिंजरा, अर्धा भाग झाकलेला, माणूस शेजारी बसलेला, आणि घारी-मांजरांवर लक्ष, एवढं जमत असेल तरच गच्ची. ज्यांना ते रोज जमत नाही, त्यांना ऊनिन्क्स यांचंच २०१३ चं काम दिलासा देणारं आहे. सहा महिने यूव्हीबी घेतलेल्या प्रौढ माद्यांचा दिवा बंद केल्यावर ८३ दिवस रक्तातली पातळी टिकून राहिली. पिल्लांना मात्र हा हिशेब लावू नये. त्यांची हाडं अजून वाढत असतात.

मला स्वतःला ट्यूब रोज आणि गच्ची जमेल तेव्हा, ही विभागणी पटते. ट्यूबेचं काम पावसाळ्यात सर्वांत जास्त असतं, आणि नागपुरात पावसाळा चार महिने असतो.

बाजारात काय मिळतं, काय घ्यायचं नाही

नागपूरच्या सीताबर्डी बाजारात दुकानदाराला ‘यूव्ही ट्यूब’ मागितली की जे पुढे येईल ते घरी आणणं धोक्याचं आहे, आणि या भागावर परदेशी लेखन जवळपास गप्प आहे. करोनाच्या काळात जंतू मारणाऱ्या यूव्हीसी ट्यूबा घरगुती बाजारात आल्या. त्या २५४ नॅनोमीटरच्या असतात, दिसायला तशाच आणि स्वस्त. प्राण्याचे आणि पाळणाऱ्याचे दोघांचेही डोळे भाजतात. डास-माशा मारणाऱ्या निळ्या दिव्यात लांब तरंगलांबीचा यूव्हीए असतो, यूव्हीबी नाही. मत्स्यालयाच्या निळ्या ट्यूबांचंही तेच. धंतोली ही हॉस्पिटलांची वस्ती, तेव्हा कोड आणि सोरायसिससाठी वापरली जाणारी यूव्हीबी यंत्रं हाताशी असल्यासारखी वाटतात. पण त्यांचा प्रकाश ३११ नॅनोमीटरच्या अरुंद पट्ट्यात असतो. डी३ बनण्याचा जोर असतो २९५-३०० च्या आसपास, आणि जास्तीचं पूर्व-जीवनसत्त्व मोडणारा रुंद वर्णपट त्यात नसतो. माणसाच्या मात्रेसाठी बनवलेलं यंत्र सरड्यावर रोज बारा तास लावण्याचा विचारही करू नये. काविळीच्या बाळांना ठेवतात तो निळा प्रकाश तर अतिनील नसतोच.

दुसरी अडचण ट्यूबेच्या पट्टीची. घरातल्या जुन्या ट्यूबलाइट काढून सगळीकडे एलईडी बसले आहेत, आणि एलईडीच्या पट्टीत चोक (बॅलास्ट) नसतो. यूव्हीबी टी५ ला तिच्या वॅटचा हाय-आउटपुट बॅलास्ट लागतो. साध्या टी५ च्या पट्टीत ती मिणमिणते आणि आकडा निम्म्यावर येतो. वायरमनला हे आधी सांगावं लागतं, नाहीतर तो ट्यूबेलाच दोष देतो.

ऊब कशाने द्यायची

जे निकालात निघालं ते आधी. तापणारे दगड आणि पोटाखालचे हीटिंग मॅट हे बिअर्डीसाठी मुख्य साधन म्हणून बाद आहेत. या प्राण्याला ऊन वरून येतं हे ठाऊक आहे. खालून पोट भाजत असलं तरी तो हलत नाही, आणि फोड आल्यावर कळतं. रात्रभर लाल दिवा लावण्याची पद्धतही मागे पडली. लाल उजेड त्याला दिसतो, आणि डोक्यावरच्या तिसऱ्या डोळ्यालाही प्रकाश जाणवतो. रात्री अंधार हवा, यावर मतभेद उरलेला नाही.

वाद आहे तो दिवसाच्या उष्णतेच्या जातीवरून. एक बाजू म्हणते, तंतूचा हॅलोजन दिवाच लावा. त्याच्या तापलेल्या तंतूतून निघणारी अवरक्त किरणं मुख्यतः लघु तरंगलांबीची, सूर्यासारखी असतात. ती त्वचेच्या आत काही मिलिमीटर शिरतात, रक्त तापवतात, आणि सोबत उजेडही देतात. सिरॅमिक हीटर दिसायला काळा किंवा पांढरा बल्ब, उजेड शून्य. त्याच्या किरणांची तरंगलांबी मोठी, ती त्वचेच्या वरच्या थरातच अडकतात. पाठीचं कातडं तापतं, पोट गारच राहतं, असा या बाजूचा आक्षेप. दुसरी बाजू विचारते की रानात तापलेला खडक तरी कोणती किरणं सोडतो? मोठ्या तरंगलांबीचीच. त्यांच्या मते प्राण्याने योग्य तापमान गाठलं की साधनाला फारसं महत्त्व नाही, आणि सिरॅमिक थर्मोस्टॅटवर निमूट चालतो, वर्षानुवर्षं टिकतो. मधली जागा घेऊ पाहणारे नवे काळे प्रक्षेपक दिवे आले आहेत, उजेड न देता लघु आणि मध्यम तरंगलांबी सोडणारे.

भौतिकशास्त्र पहिल्या बाजूचं आहे, हे मान्य करायला हवं. पण किरणं किती खोल जातात याची बरीच मापं माणसाच्या त्वचेवरची आहेत. सरड्याच्या खवल्यांखाली त्याचा आरोग्यावर किती परिणाम होतो, हे दीर्घकाळ मोजलेलं फारसं हाती नाही. मला हॅलोजनकडे झुकावंसं वाटतं ते साध्या कारणासाठी: तो पेटला की बिअर्डी त्याच्याखाली येऊन बसतो, सिरॅमिकखाली तितक्या सहज येत नाही, कारण उजेड आणि ऊब एकत्र असतात ही त्याची उपजत खूण आहे.

उष्णता, उजेड आणि यूव्हीबी एकाच दिव्यात देणारा मर्क्युरी व्हेपर बल्ब मोठ्या पेटीसाठी अजून वापरला जातो. तो मंद करता येत नाही, म्हणून थर्मोस्टॅटला जोडता येत नाही. विजेचा दाब क्षणभर पडला तर तो विझतो आणि गार झाल्याशिवाय पुन्हा पेटत नाही. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी आपल्याकडे दाब किती नाचतो हे ज्याला माहीत आहे, त्याने यावर पैसे घालण्यापूर्वी विचार करावा.

तंतूचे दिवे मिळणं हीच आता अडचण होत चालली आहे. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेनंतर घरोघर एलईडी आले आणि ६०-१०० वॅटचा पिवळा बल्ब दुकानाच्या मागच्या फळीवर गेला. एलईडीने उजेड मिळतो, ऊब नाही. ६५०० केल्विनचा पांढरा एलईडी पेटीत दिवसाचा भरपूर उजेड आणायला उत्तम, पण तापायच्या जागेला नाही. फिजिओथेरपीचा लाल इन्फ्रारेड दिवा आणि पोल्ट्रीच्या ब्रूडरमधला २५० वॅटचा बल्ब हे पर्याय विदर्भात सहज मिळतात, मात्र चार फुटांच्या पेटीसाठी त्यांची ताकद फार. १५० वॅटचा दिवा डिमर थर्मोस्टॅटवर, पोर्सेलीनच्या होल्डरमध्ये, जाळीचं कवच घालून चालवणारे आहेत. प्लॅस्टिकच्या होल्डरमध्ये तो कधीही लावू नये.

नागपूरचं वर्ष

ठरलेले आकडे असे: तापायच्या जागेचा पृष्ठभाग ४० ते ४२ अंश, गार बाजू २४-२६, रात्री १८ ते २२. नोव्हेंबर ते फेब्रुवारी नागपुरात हे आकडे पुस्तकाप्रमाणे सांभाळता येतात. खोली २० अंशांवर असेल तर ७५ ते १०० वॅटचा दिवा लागतो. मार्चनंतर तोच दिवा पेटीची गार बाजूही तीस ओलांडून नेतो. म्हणून एकाच वॅटचा दिवा वर्षभर, ही कल्पना इथे चालत नाही: हिवाळ्यात १००, मार्च-ऑक्टोबरात ५०, आणि मेमध्ये बऱ्याचदा शून्य. थर्मोस्टॅट दिवा बंद करू शकतो, खोली गार करू शकत नाही.

मे आणि जूनचा पहिला पंधरवडा हा इथल्या पाळणाऱ्यांचा खरा कस पाहणारा काळ. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर की एसी, यावर घराघरांत मतभेद आहेत. कूलरचा कैवार घेणारे म्हणतात, मेच्या दुपारी हवेत आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास असते, कूलरने ती वाढून ५०-६० झाली तरी काही आठवडे कोरड्या प्रदेशातल्या प्राण्याला चालतं, आणि वीज कमी लागते. एसीवाले म्हणतात, कूलरचा झोत थेट पेटीवर येतो, दमट हवा साचते, आणि फुप्फुसाचे आजार याच काळात दिसतात. दोन्हींत तथ्य आहे. कूलर दाराशी, पेटी खोलीच्या दुसऱ्या टोकाला आणि खिडकी उघडी असेल तर कूलर पुरतो. बंद खोलीत नाही. पेटी घराच्या कोणत्या बाजूला आहे यावर बरंच अवलंबून असतं. जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावरची उत्तरेची खोली जे फुकट देते, ते सर्वांत वरच्या मजल्यावर पश्चिमेच्या भिंतीला एसी लावूनही मिळत नाही.

विजेचा हिशेब इथे बोलका आहे. ७५ वॅटचा हॅलोजन, २४ वॅटची टी५ आणि तेवढ्याच वॅटचा एलईडी, बारा तास चालले तर दिवसाला साधारण दीड युनिट, महिन्याला ४५. दीड टनाचा एसी एवढं एक-दीड तासात ओढतो. बिअर्डी पाळण्याचा खर्च दिव्यांचा धरला जातो. नागपुरात तो गारव्याचा असतो.

वीज गेली तर काय, हाही ऋतूंप्रमाणे बदलणारा प्रश्न. जानेवारीत दिवसभर दिवे बंद राहिले तर प्रौढ प्राणी सुस्त होतो, खात नाही, आणि बहुधा एवढ्यावर भागतं. मेमध्ये दुपारी दोन तास पंखा बंद पडणं जास्त गंभीर. इन्व्हर्टरवर जागा एकाच प्लगची असेल तर ती उन्हाळ्यात पंख्याला द्यावी.

अंडी उबवणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. या जातीत अंडी ३२ अंशांहून गरम राहिली तर गुणसूत्रांनी नर असलेली पिल्लं मादी होऊन बाहेर येतात. प्रयोगशाळेत हे २००७ मध्ये आणि ऑस्ट्रेलियातल्या रानात २०१५ मध्ये दाखवलं गेलं. नागपुरात एप्रिल-मे महिन्यात इन्क्युबेटरला तापवण्याऐवजी थंड करण्याची सोय लागते, हे अंडी आल्यावर सुचून उपयोग नाही.

मोजल्याशिवाय वाद संपत नाही

३० मे २०२४ रोजी रामदासपेठेतल्या स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंशांची नोंद केली. दिवसभर देशभर चर्चा झाली. मग हवामान खात्याने सेन्सरचा दोष असल्याचं सांगितलं. धंतोलीपासून हाकेच्या अंतरावरची ही गोष्ट पेटीतल्या मापनाबद्दल बरंच सांगते. काचेला चिकटवायचे गोल काट्याचे थर्मामीटर काचेचं तापमान दाखवतात, हवेचं नाही. तापायच्या जागेचा पृष्ठभाग मोजायला इन्फ्रारेड गन लागते, हवेसाठी वायरचा सेन्सर, दोन्ही बाजूंना एकेक. गनने दिव्याकडे नेम धरून आलेला आकडा निरर्थक असतो. नेम धरायचा दगडावर आणि मग प्राण्याच्या पाठीवर.

यूव्ही इंडेक्सचा मीटर महाग आहे, ट्यूबेपेक्षा कितीतरी महाग. म्हणून बहुतेक जण टी५ वर्षाने आणि जुन्या, जाड टी८ सहा महिन्यांनी बदलतात, मोजून नाही तर तारीख पाहून. मीटर असलेले लोक सांगतात की काही ट्यूबा वर्षानंतरही चांगल्या असतात आणि काही आधीच ढासळतात. शहरातल्या पाच-सहा जणांनी मिळून एक मीटर घेणं हा यातला सर्वांत स्वस्त तोडगा. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यक महाविद्यालयासारख्या संस्थेने असं मोजमाप करून दिलं, तर इथल्या हवामानाचे आकडे पहिल्यांदा नोंदीला येतील.

जे अजून ठरलेलं नाही

रात्रीच्या उबेवर दोन गट आहेत. एक म्हणतो, १५-१६ पर्यंत उतरू द्या, रानात उतरतंच. दुसरा आजारी, लहान किंवा नुकत्याच आणलेल्या प्राण्यासाठी २० च्या खाली जाऊ देत नाही. निरोगी प्रौढासाठी पहिला गट बरोबर वाटतो, पारा ३.५ वर उतरतो तशा पहाटे मात्र बिगर-उजेडाचा सिरॅमिक हीटर हवाच.

हिवाळ्यातल्या सुस्तीवर मतभेद अधिक खोल आहेत. काही प्रौढ बिअर्डी डिसेंबरात खाणं सोडून महिनाभर कोपऱ्यात झोपतात. दिवे बारावरून नऊ तासांवर आणून त्यांना झोपू द्यावं, की उजेड आणि ऊब वाढवून जागं ठेवावं? पहिल्या बाजूचा आधार रानातला दिनक्रम. दुसरी बाजू म्हणते, पिंजऱ्यात सुस्ती आणि आजार वेगळे ओळखणं कठीण असतं, आणि पोटात अन्न राहिलं तर ते झोपेत कुजतं. नागपुरात दुपारची खोली जानेवारीतही पंचविशीपर्यंत जाते. त्यामुळे इथला प्राणी अर्धवट झोपतो आणि अर्धवट जागतो, आणि परदेशी पुस्तकातला कोणताच सल्ला त्याला नीट बसत नाही.

आणि दिव्यांचा पुरवठा. पाऱ्यावरच्या मिनामाता कराराच्या २०२३ च्या बैठकीत सर्वसाधारण उजेडाच्या फ्लुरोसंट दिव्यांना २०२७ पर्यंत निरोप द्यायचं ठरलं. भारत या करारात २०१८ पासून आहे. खास कामाच्या अतिनील ट्यूबा त्यातून वगळलेल्या आहेत, पण त्यांना लागणारे बॅलास्ट आणि पट्ट्या सर्वसाधारण बाजारावरच जगत होत्या. पर्याय म्हणून यूव्हीबी एलईडी विकायला आले आहेत. त्यांचा प्रकाश एकेका अरुंद शिखरात असतो, आणि सूर्याच्या रुंद वर्णपटाची नक्कल ते कितपत करतात यावर मोजणाऱ्यांमध्येच अजून खल चालू आहे. आज नवीन पेटी करणाऱ्याने टी५ ची पट्टी घ्यावी आणि सोबत एक जादा बॅलास्ट घेऊन ठेवावा.